लेन्सचं ॲपर्चर आणि लेन्सचा 'स्पीड': एफ/१.८ हा आकडा नेमकं काय सांगतो?

प्रश्न असा आहे: नवा कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स आली. तिच्या पुढच्या कड्यावर '१:३.५-५.६' असं काहीतरी छापलंय. जाणकार म्हणतात, '५० मिमी एफ/१.८ घे, ती फास्ट लेन्स आहे.' लेन्समध्ये पळणारं तर काही नाही, मग ती फास्ट कशी? आकडा लहान झाला की छिद्र मोठं होतं, हे उलटं गणित कशासाठी? आणि घरातल्या उजेडात काढलेले फोटो हललेले येतात, ते या लेन्सने सुधारतील का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याचं उत्तर पहिल्या दोनांवर अवलंबून आहे. त्यामुळे जरा क्रमाने जाऊ.

व्याख्या वाचण्याआधी ॲपर्चर डोळ्यांनी बघून घ्या. कॅमेरा 'एम' (मॅन्युअल) मोडवर टाका, शटर २ सेकंदांवर ठेवा, ॲपर्चर एफ/१६ करा आणि कॅमेरा आपल्याकडे वळवून लेन्सच्या पुढच्या काचेत डोकावत बटण दाबा. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल तर आतलं गोल छिद्र झटकन आवळून मटाराएवढं किंवा त्याहून लहान झालेलं दिसेल, दोन सेकंद तसंच राहील आणि पुन्हा उघडेल. मिररलेस कॅमेऱ्यांत ते कधी कधी आधीपासूनच मिटलेलं असतं. आता तेच एफ/३.५ वर करून बघा, काहीच हलणार नाही, कारण छिद्र आधीच पूर्ण उघडं आहे. एकमेकांवर सरकणाऱ्या पातळ पात्यांनी बनलेलं हे छिद्र म्हणजे ॲपर्चर. एवढं एकदा पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा हे दोन सेकंद जास्त शिकवतात.

आता आकडा. एफ/१.८ मधला १.८ हा छिद्राचा आकार नाही, ते गुणोत्तर आहे. लेन्सची फोकल लेंथ (५० मिमी, १८-५५ मिमी असा लेन्सच्या नावातला आकडा) भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, म्हणजे २५ मिमी रुंद छिद्र. त्याच लेन्सवर एफ/४ म्हणजे साडेबारा मिमी. भागाकार असल्यामुळे छिद्र जितकं लहान, तितका आकडा मोठा. उलटं वाटणारं गणित ते एवढंच. 'एफ'नंतरची ती तिरकी रेघसुद्धा भागाकाराचीच आहे, एफ म्हणजे फोकल लेंथ. लेन्सच्या कड्यावर '१:१.८' असं छापतात ते त्याच गुणोत्तराचं दुसरं रूप.

मग सरळ मिलिमीटरच का नाही सांगत? कारण मिलिमीटर कळून फोटो किती उजळ येईल हे कळत नाही. ५० मिमीच्या लेन्सचं २८ मिमीचं छिद्र म्हणजे एफ/१.८. पण २०० मिमीच्या लेन्सला तेवढंच २८ मिमीचं छिद्र दिलं तर होतं एफ/७.१, आणि सेन्सरवर प्रकाश पडतो जेमतेम सोळावा भाग. एखाद्या लांब बोळाच्या टोकाला खिडकी असली तर खिडकीजवळच्या भिंतीवर भरपूर उजेड असतो, बोळाच्या दुसऱ्या टोकाला अंधार. खिडकी तीच, अंतर बदललं. फोकल लेंथ वाढली की लेन्सही तेवढाच प्रकाश मोठ्या चित्रावर पसरवते. हा परिणाम गुणोत्तरात आपोआप धरला जातो. म्हणून कुठल्याही कंपनीची, कुठल्याही लांबीची लेन्स घ्या, एफ/५.६ ला प्रकाश जवळजवळ सारखाच मिळतो. हातात धरायच्या लाइट मीटरने 'एफ/५.६, १/१२५' सांगितलं तर तुम्ही कुठली लेन्स लावली आहे हे त्याला विचारावं लागत नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण काचांमध्ये थोडा प्रकाश अडतो आणि परावर्तित होतो. सिनेमावाल्यांना शॉटमागून शॉट जुळवायचे असतात, म्हणून त्यांच्या लेन्सवर प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून ठरवलेला टी-स्टॉप छापतात. फोटो काढणाऱ्याला त्याची काळजी नको.

आकड्यांची माळ अशी: १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. या पायरीला 'स्टॉप' म्हणतात. आकडे दुप्पट न होता १.४ पटीने का वाढतात? छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून एफ/२ ते एफ/४ हे दोन स्टॉप आहेत. क्षेत्रफळ फक्त निम्मं करायचं तर व्यास २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ ने भागायचा. माळ पाठ करायला युक्ती: एक आकडा सोडून पुढचा बघा, तो दुप्पट असतो. १, २, ४, ८, १६ ही एक ओळ आणि १.४, २.८, ५.६, ११, २२ ही दुसरी. कॅमेऱ्याची चकती साधारणपणे तीन टिकटिकांत एक स्टॉप सरकते, त्यामुळे १.८, ३.५, ६.३ असे मधले आकडे दिसतात.

ही माळ पाठ करावी असं मी आग्रहाने सांगतो. शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्ही याच स्टॉपच्या हिशोबात चालतात, आणि तिन्हींची देवाणघेवाण डोक्यात करता आली की कॅमेरा तुमच्या हातात येतो.

आता 'फास्ट' लेन्स. हा वेग लेन्सचा नसून ती जो शटर स्पीड शक्य करते त्याचा आहे. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या दिवसांत हे अगदी उघड होतं. १८३९ साली दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा वापरात असलेल्या लेन्स एफ/१५ च्या आसपासच्या होत्या. भर उन्हातही एक्स्पोजर मिनिटांत मोजावं लागे, त्यामुळे माणसाचा चेहरा टिपणं म्हणजे त्याला शिक्षाच. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालने गणित करून पोर्ट्रेटसाठी एफ/३.६ च्या आसपासची लेन्स रचली आणि फोग्टलेंडरने ती बनवली. सुमारे चार स्टॉपचा फरक. प्लेट तीच, ऊन तेच, पण मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि पोर्ट्रेट स्टुडिओ हा धंदा म्हणून उभा राहू शकला. पुढे १९२४ मध्ये जर्मनीत एफ/२ ची एर्नोस्टार लेन्स लावलेला एर्मानॉक्स कॅमेरा आला. तो घेऊन छायाचित्रकार एरिख सॉलोमन कोर्टात आणि राजनैतिक बैठकांत फ्लॅशशिवाय फोटो काढायचा. त्या काळी फ्लॅश म्हणजे भुकटीचा भडका, तो कोर्टात कोण उडवू देणार? दोन्ही वेळी लेन्सने दिली ती एकच गोष्ट: कमी उजेडात कमी वेळात फोटो.

तुमच्या घरातल्या फोटोंना तेच गणित लावू. संध्याकाळ झाली आहे, खोलीत नेहमीचे दिवे लागलेत, मूल खेळतंय. आयएसओ १६०० ठेवलात आणि लेन्स एफ/१.८ वर असेल, तर अशा उजेडात शटर साधारण १/१६० सेकंद मिळतो. बसल्या बसल्या खेळणारं मूल यात नीट येतं, धावणारं कदाचित थोडं हलेल. आता किट लेन्स ५५ मिमीवर लावा. तिथे ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १.८ ते ५.६ हा तीन स्टॉपहून जास्त फरक आहे, म्हणजे शटर येतो १/१५ वर. मुलाने नुसती मान वळवली तरी चेहरा पुसट. शटर १/१६० वरच ठेवायचा हट्ट धरला तर आयएसओ १६००० च्या घरात न्यावा लागतो, आणि फोटोत दाणे दिसायला लागतात. तुमचे हललेले फोटो बहुधा इथेच बिघडतात.

इथे कोणीतरी म्हणेल, 'पण माझ्या किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे की.' आहे, आणि ते चांगलंच काम करतं, पण तुमच्या हाताच्या थरथरीवर. समोरचा माणूस हलला तर लेन्सला त्याचं काही करता येत नाही. रात्रीची इमारत, देवळाचा गाभारा, संग्रहालयातली मूर्ती अशा स्थिर विषयांना स्टॅबिलायझेशन दोन-तीन स्टॉप सहज देतं, तिथे फास्ट लेन्स नसली तरी निभतं. माणसं, प्राणी, नाच, खेळ म्हटलं की उघडं ॲपर्चर किंवा जास्त आयएसओ, तिसरा रस्ता फ्लॅशचा.

एक घोळ नवशिक्यांचा हमखास होतो, तो इथेच मोडून काढू. लेन्सवर छापलेला आकडा म्हणजे ती जास्तीत जास्त किती उघडू शकते ते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा आकडा म्हणजे तुम्ही आत्ता ती किती उघडली आहे ते. एफ/१.८ ची लेन्स घेतली आणि ऑटो मोडमध्ये कॅमेऱ्याने एफ/५.६ निवडलं, तर शटरच्या दृष्टीने तुमच्या हातात एफ/५.६ चीच लेन्स आहे. मला अनेकदा असे फोटो दाखवले जातात: 'नवी लेन्स घेतली, तरी फरक नाही.' माहिती उघडून बघावी तर एफ/६.३. म्हणून 'ए' किंवा 'एव्ही' मोड शिका. त्यात ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो.

पूर्ण न उघडतासुद्धा फास्ट लेन्सचा एक फायदा मिळतो. डीएसएलआरमध्ये फ्रेम जुळवताना छिद्र पूर्ण उघडं राहतं आणि बटण दाबल्यावरच आवळतं, हे तुम्ही मघाशी पाहिलंत. त्यामुळे व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो आणि ऑटोफोकसला काम करायला जास्त प्रकाश मिळतो. मंद उजेडात किट लेन्स पुढे-मागे घुटमळत राहते तिथे एफ/१.८ ची लेन्स बऱ्याचदा चटकन पकडते.

किट लेन्सवर दोन आकडे का? १८ मिमीला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंत. भागाकार करून बघा, गंमत आहे: १८ ला ३.५ ने भागलं तर सुमारे ५ मिमी, ५५ ला ५.६ ने भागलं तर जवळजवळ १० मिमी. म्हणजे झूम केल्यावर समोरून दिसणारं छिद्र उलट मोठं झालं, पण फोकल लेंथ त्याहून जास्त वाढली, म्हणून लेन्स 'मंद' झाली. अशी लेन्स लावून 'एम' मोडमध्ये १८ मिमीला एफ/३.५ वर एक्स्पोजर जमवलं आणि मग झूम केलं, तर फोटो अचानक काळपट येतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, प्रकाश अडीच पटीने कमी झालेला असतो. संपूर्ण झूममध्ये एफ/२.८ टिकवणाऱ्या लेन्स मिळतात, पण त्यासाठी काच मोठी लागते. ७०-२०० मिमी एफ/२.८ प्रकारच्या डीएसएलआर लेन्स दीड किलोच्या आसपास भरतात, त्याच झूमच्या एफ/४ वाल्या साधारण निम्म्या वजनाच्या. ४०० मिमी एफ/२.८ ला तर १४३ मिमी रुंद छिद्र लागतं, म्हणजे पुढची काच त्याहूनही मोठी. मैदानाच्या कडेला तिवईवर ठेवलेल्या त्या तोफा उगाच एवढ्या मोठ्या नसतात.

आतापर्यंत फक्त प्रकाशाचं बोललो. बहुतेक लोक मात्र एफ/१.८ घेतात ती मागचं सगळं विरघळून जावं म्हणून. तोही परिणाम खराच आहे, पण त्याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते.

फोकस एका अंतरावर असतो. त्याच्या थोडं पुढे-मागे जे डोळ्याला अजून स्पष्ट वाटतं, त्या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. छिद्र मोठं केलं की हा पट्टा अरुंद होतो. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स धरून काही अंदाजे आकडे देतो. माणूस २ मीटरवर, एफ/१.८: पट्टा सुमारे १७ सेंटिमीटर. एफ/८ केलं तर सुमारे पाऊण मीटर. एफ/१.८ च ठेवून १ मीटरवर गेलात तर जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणजे नाकाच्या टोकावर फोकस बसला तर डोळे गेले. ८५ मिमी एफ/१.८ ने २ मीटरवरून काढलं तर ६ सेंटिमीटर.

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. एक, ॲपर्चर हा पट्टा बदलण्याचा एकमेव मार्ग नाही. अंतर निम्मं केलं की पट्टा चौथाई होतो, ॲपर्चरच्या चार स्टॉपएवढा फरक नुसत्या दोन पावलांनी. म्हणजे किट लेन्स ५५ मिमीवर लावा, माणसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, त्याला भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे उभं करा. एफ/५.६ लाही मागचा भाग बऱ्यापैकी मऊ होतो. नवी लेन्स घेण्याआधी हे करून बघाच.

दोन, एफ/१.८ वर फोकस चुकायला फार जागा नसते. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची सवय अनेकांना असते. किट लेन्सवर ते खपून जातं, इथे नाही. कॅमेरा वळवताना अंतर दोन-तीन सेंटिमीटरने बदललं तरी डोळा पट्ट्याबाहेर जातो. फोकसचा बिंदूच डोळ्यावर सरकवा किंवा कॅमेऱ्यात आय-फोकस (डोळा ओळखून फोकस धरणारी सोय) असेल तर तो चालू करा. आणि ग्रुप फोटो एफ/१.८ वर काढू नका. पुढची रांग स्पष्ट, मागच्या रांगेतले सगळे धुक्यात, असे फोटो लग्नकार्यात ढिगाने निघतात. दोन रांगा असतील तर एफ/५.६, तीन असतील तर एफ/८, आणि प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवा. दाणे असलेला चेहरा चालतो, न ओळखू येणारा काका चालत नाही.

निसर्गदृश्याला उलटं हवं असतं. फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/८ आणि फोकस सुमारे अडीच मीटरवर, एवढं केलं की साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/२२ पर्यंत आवळायची गरज नसते.

आवळण्याचे तोटेही आहेत. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, प्रत्येक बिंदूचा छोटा ठिपका होतो. एफ/८ ला हा ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/१६ ला २१ मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल असतो साधारण ६ मायक्रॉनचा. म्हणून एफ/१६ पासून पुढे सगळा फोटोच किंचित मऊ पडायला लागतो, लेन्स कितीही चांगली असो. सेन्सरवर बसलेली धूळही इथेच आकाशात काळपट डागांसारखी दिसते. एफ/११ पर्यंत मी निर्धास्त जातो, एफ/१६ गरज पडली तर, एफ/२२ जवळजवळ कधीच नाही. अपवाद दिव्यांभोवती टोकदार किरणांचा तारा हवा असेल तर, तो लहान छिद्रात छान उमटतो. पाती सात असली तर किरणं चौदा, आठ असली तर आठच.

दुसऱ्या टोकालाही लेन्स अडखळते. पूर्ण उघडल्यावर कोपरे काळवंडतात, कडा मऊ येतात, उजळ-गडद सीमेवर जांभळी-हिरवी किनार दिसते. एक-दोन स्टॉप आवळलं की यातलं बरंच निघून जातं. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ ला सुधारते आणि एफ/४ ते एफ/८ मध्ये तिचं सर्वोत्तम देते. किट लेन्सला एफ/८ मानवतं. म्हणून उजेड भरपूर असताना फास्ट लेन्स कायम सताड उघडी ठेवून फिरण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय भर उन्हात एफ/१.४ आणि आयएसओ १०० म्हटलं तर शटर लागतो १/१६००० च्या आसपास. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. मग एकतर आवळा, नाहीतर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच लावा.

मग एफ/१.४ किंवा एफ/१.२ घ्यावी का? १.८ ते १.४ हा जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप. १.८ ते १.२ हा एकाहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी काच केवढी वाढते याचा नमुना: कॅननच्या आरएफ मालिकेतली ५० मिमी एफ/१.८ ही १६० ग्रॅमची आहे, ५० मिमी एफ/१.२ ही ९५० ग्रॅमची. हे वजन फक्त प्रकाशाचं नाही, पूर्ण उघडी असतानाही स्पष्ट चित्र देण्यासाठी त्यात जास्त काचा घातलेल्या असतात. ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना ते परवडतं. शिकणाऱ्याला एफ/१.८ पुष्कळ झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या सेन्सरवर एका स्टॉपचा आयएसओ वाढवणं म्हणजे फिल्मच्या काळासारखी आपत्ती नाही.

तुमचा कॅमेरा बहुधा एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा आहे, १८-५५ त्याच्याबरोबरच येते. त्यावर एफ/१.८ चं एक्स्पोजर एफ/१.८ चंच राहतं, शटर तोच येतो. बदलतो तो दृश्याचा आवाका: ५० मिमी तिथे ७५ ते ८० मिमीसारखी वागते. छोट्या खोलीत ती अडचणीची होते, मागे सरकायला जागाच उरत नाही. घरातले फोटो हाच मुख्य हेतू असेल तर ३५ मिमी एफ/१.८ किंवा एफ/२ जास्त उपयोगी. चेहरे काढायचे असतील तर ५० मिमी उत्तम.

'माझ्या फोनवरही एफ/१.८ लिहिलंय, मग लेन्स कशाला?' हा प्रश्न पाठोपाठ येतोच. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६-७ मिमी असते, म्हणजे छिद्र साडेतीन-चार मिमीचं. शटर आणि आयएसओचा हिशोब एफ/१.८ चाच, पण सेन्सर एवढासा असल्यामुळे एकूण गोळा होणारा प्रकाश कमी, आणि पार्श्वभूमीचा मऊपणा जवळजवळ नाहीच. पोर्ट्रेट मोडमधली ती धुसर पार्श्वभूमी बहुतांशी सॉफ्टवेअर रंगवतं. केसांच्या कडा मोठ्या करून बघा, लगेच कळेल.

सरावासाठी एक संध्याकाळ पुरते. टेबलावर तीन वस्तू एकामागे एक, हातभर अंतराने तिरक्या मांडा. 'ए' मोड, फोकस मधल्या वस्तूवर. लेन्स जितकी उघडते तिथपासून एफ/१६ पर्यंत एकेक पूर्ण स्टॉप आवळत फोटो काढा आणि दर वेळी कॅमेऱ्याने निवडलेला शटर बघा. आयएसओ स्थिर ठेवा, नाहीतर शटरचा वेळ दर स्टॉपला दुप्पट होताना दिसणार नाही. शेवटच्या फोटोंना कॅमेरा कशावर तरी टेकवावा लागेल, तेही कळू द्या. मग तोच प्रयोग वस्तूंच्या दुप्पट जवळ जाऊन करा.

आणि लेन्स मागवण्याआधी, तुमच्या हललेल्या फोटोंपैकी दहा-बारा संगणकावर उघडून त्यांची माहिती वाचा. शटर १/१५, १/२० आणि ॲपर्चर एफ/५.६ दिसत असेल, तर एफ/१.८ ने फरक नक्की पडेल, खुशाल घ्या. शटर १/२५० असूनही चेहरा मऊ असेल आणि मागची भिंत मात्र स्पष्ट असेल, तर फोटो हललेला नाही, फोकस भिंतीवर गेलाय. त्याला नवी लेन्स नको, फोकसचा बिंदू स्वतः निवडायला हवा. एफ/१.८ वर ती चूक आणखी ठळक दिसेल. आणि शटर १/३० पण ॲपर्चर एफ/८ असेल, तर आत्ताच्याच लेन्सला अजून एक-दोन स्टॉप उघडायला जागा आहे.